बेरीज बरोबर आहे

आमच्या छोट्या लाइनीची गाडी इतकी सावकाश चालायची की माय तिच्या बरोबरीने चालू शकली. डब्यात खिडकीशी मी, शेजारी बा, आणि खाली रुळांच्या कडेने पदर खोचून चालणारी माय. चालता चालता तिच्या सूचना सुरू होत्या. "डोक्शाले तेल लावत जाजो. उपाशी नोको राहू. कोनी काई बोललं त तोंड पाडून नोको बसू." सिग्नल ओलांडल्यावर इंजिनाने जरा जोर धरला आणि ती मागे राहिली. तेव्हा ती मोठ्याने ओरडली, "रत्ने, तू शिकाले जाऊन राह्यली, रडाले नाई!" डब्यातली माणसं हसली. मी बाहेरच बघत राहिले. आत बघितलं असतं तर बाला माझे डोळे दिसले असते.

सन सत्तावन्नचा जून होता तो. आदल्याच वर्षी आमच्या वस्तीने बुद्धाचा धम्म घेतला होता. बा त्याच छोट्या लाइनीवर गँगमन होता. मूर्तिजापूर स्टेशनातल्या एका गुड्स क्लार्कची मुलगी अमरावतीला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात शिकायची. त्यानेच बाला सांगितलं, पोरगी हुशार आहे, तिथे नेऊन घाला, सिस्टर लोक जात विचारत नाहीत. प्रवेशाच्या दिवशी बाने मदरसमोर एकच अट घातली. "पोरगीले शिकवा, शिस्त लावा, काई म्हनत नाई. धरम तेवढा बदलाचा नाई. आता एकडाव बदलला, बस झालं." मदर परदेशी होत्या, त्यांना मराठी फारसं कळायचं नाही. शेजारी उभ्या असलेल्या तरुण सिस्टरने ते इंग्रजीत सांगितलं आणि मदर मनापासून हसल्या. त्या तरुण सिस्टरचं नाव सिस्टर इमेल्डा. मूळच्या वसईकडच्या, मराठी घरात वाढलेल्या. पुढे त्या आम्हाला गणित शिकवायला आल्या.

हे मी गावातल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे. भेट झाली की तुम्ही अजून हळूच विचारता, रत्नानं लगन काहून नाई केलं? आणि बोर्डिंगातल्या तुम्हा मैत्रिणींसाठीही लिहिते आहे. तुम्ही माझ्यासारखंच घर सोडून आलात आणि नंतर आणखी लांब गेलात, कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, एक तर थेट समुद्रापार. तुम्हाला अर्धी गोष्ट माहीत आहे. उरलेली अर्धी आता सांगायला हरकत नाही.

बोर्डिंगाने पहिल्या आठवड्यातच माझी भाषा बदलायला घेतली. जेवणघराला रिफेक्टरी म्हणायचं, ओसरीला व्हरांडा, झोपायच्या लांबलचक खोलीला डॉर्मिटरी. मी "मले" म्हटलं की मुली तोंडावर हात ठेवायच्या. गावात आमच्या भांड्याला कोणी शिवत नव्हतं. इथे तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण माझ्या शेजारची बाकावरची जागा जेवताना रिकामी राहायची. मुलींवर देखरेख करणाऱ्या मॅट्रनला ते दिसायचं की नाही कोण जाणे.

एके दिवशी दुपारच्या जेवणाला अकोल्याची एक उंच, सावळी मुलगी स्वतःचं ताट उचलून माझ्या शेजारी येऊन बसली. बसली आणि माझ्याच तांब्यातलं पाणी घटाघट प्याली. मग म्हणाली, "तिकडं त्या मुली नुसत्या शिवणकामाच्या गोष्टी करून राहिल्या. मला बोर होते. तू बोल काहीतरी."

ती फिलोमिना. सगळे फिलू म्हणायचे. तिची आई लहानपणीच वारली होती. वडील अकोल्याला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. घराणं कॅथलिक, पण बोली आमचीच वऱ्हाडी, फक्त शाळेत इस्त्री केलेली. तिला बीजगणित यायचं नाही आणि मला इंग्रजीचे उच्चार जमत नव्हते. स्टडी-अवरला आम्ही एकमेकींची शिकवणी घ्यायचो. "व्हेजिटेबल" हा शब्द नीट म्हणायला तिने मला इतका घोटवला की आजही बाजारात भेंडी घेताना तो शब्द मनात येऊन जातो.

सुट्टीला जाताना आमची गाडी एकच असायची. बडनेऱ्याला मोठ्या गाडीत बसायचं, मूर्तिजापूरला मी उतरायची आणि ती पुढे अकोल्याला जायची. पहिल्या दिवाळीला मी उड्या मारत उतरले होते, माय दिसणार म्हणून. दहावीच्या दिवाळीला उतरताना पाय जड झाले. फलाटावर उभी राहून मी तिच्या खिडकीकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. गाडी सुटली, डबा दिसेनासा झाला तरी मी तिथेच. आमची छोटी गाडी समोर उभी होती, घर दोन तासांवर होतं, आणि मला घरी जावंसं वाटत नव्हतं. ते मला तेव्हा फार विचित्र वाटलं. ज्या मुलीने सगळी पहिली रात्र मायच्या आठवणीने उशी भिजवली होती, ती मीच का, असं वाटलं.

याला काय म्हणतात ते आम्हाला माहीत नव्हतं. गावात असल्या गोष्टीला शब्द नव्हता, निदान पोरीबाळींच्या कानावर पडेल असा नव्हता. रविवारी फिलू चॅपेलमध्ये गायची. मी ख्रिस्ती नव्हते, मला सक्ती नव्हती, तरी मी जाऊन शेवटच्या बाकावर बसायची. लॅटिनमधलं अक्षरही कळायचं नाही. पन्नास आवाजांतून तिचा आवाज शोधून काढायचा एवढंच माझं काम. सापडला की बरं वाटायचं.

कॉन्व्हेंटकडे मात्र त्याला शब्द होता. तो आम्हाला मॅट्रिकच्या वर्षी कळला.

हिवाळ्याचे दिवस होते. शाळेच्या मागच्या अंगणात धुतलेल्या चादरी दोरीवर वाळत घातल्या होत्या. दुपारची सुट्टी होती. चादरींच्या आड आम्ही दोघी उभ्या होतो आणि फिलूने माझ्या गालावर ओठ टेकले. मी तिचा चेहरा हातात धरला. एवढंच घडलं, आणि आमच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच घडलं. एका मुलीने चादर बाजूला सारली, "अगं बाई!" म्हणाली आणि पळत सुटली. संध्याकाळपर्यंत मॅट्रनला कळलं, मॅट्रनकडून मदरला. फिलूची खाट डॉर्मिटरीच्या दुसऱ्या टोकाला गेली. रिफेक्टरीत आम्हाला वेगवेगळ्या बाकांवर बसवलं. आणि मॅट्रन सगळ्यांसमोर म्हणाली, "या शाळेत पर्टिक्युलर फ्रेंडशिप चालत नाही."

पर्टिक्युलर. विशिष्ट, खास, एवढाच त्याचा अर्थ. साधा शब्द, फिलूनेच त्याचं स्पेलिंग मला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मुली तो कुजबुजायला लागल्या. मी वर्गात शिरले की कोणीतरी खोकल्यासारखं करून म्हणायचं, "पर्टिक्युलर". ज्या मुलींना माझ्या ताटाची सवय झाली होती त्या पुन्हा लांब सरकल्या. फिलूला तर प्रार्थनेच्या रांगेतही कोणी हात लावेना. ती रडायची नाही. तिची मान मात्र ताठ, इतकी ताठ की बघवत नसे.

मदरनी दोन्ही घरी निरोप पाठवले. फिलूच्या वडिलांनी उलट निरोप दिला, मदर म्हणतील तसं करू. ठरलं असं की मला प्रकृतीचं कारण सांगून घरी पाठवायचं आणि फिलूला लांबच्या एका कॉन्व्हेंटात हलवायचं. मॅट्रिकची परीक्षा तोंडावर होती. घरी गेले की माझी शाळा संपली हे मला स्पष्ट दिसत होतं. पुन्हा बोर्डिंग कुठलं, पुन्हा परीक्षा कुठली. पुढच्या वैशाखात लग्न.

त्या दिवसांत सिस्टर इमेल्डांनी मला गणिताच्या तासानंतर थांबवून घेतलं. वर्ग रिकामा झाल्यावर त्या समोरच्या बाकावर बसल्या, मुली बसतात तशा.

"तू कोणाला दुखवलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही सिस्टर."

"कोणावर जबरदस्ती केलीस? तिने केली?"

"नाही."

"खोटं बोललीस?"

"अजून कोणी विचारलंच नाही सिस्टर. विचारलं तर खरं सांगेन."

त्यांनी हातातला खडू बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, "मला यातलं सगळं समजतं असं नाही, रत्नमाला. मला जे शिकवलं गेलं त्यात याला जागा नाही. पण मी तुला पाच वर्षं बघते आहे, तिलाही बघते आहे. तुमच्यात मला वाईट काही दिसत नाही, आणि दिसत नाही ते मी दिसतं म्हणणार नाही. तू अभ्यास थांबवू नकोस. उरलेलं माझ्यावर सोपव."

कोणी मोठ्या माणसाने माझ्याशी असं बोलावं, हे मला नवीन होतं. मी डोळे पुसले आणि जाऊन खरोखरच भूमितीचं पुस्तक उघडलं.

चार दिवसांनी बा आला. ड्यूटीचा खाकी शर्ट धुऊन घातलेला, पायांत नवे जोडे. मदरच्या पार्लरमध्ये, म्हणजे पाहुण्यांना बसवायच्या खोलीत, पॉलिश केलेल्या खुर्चीच्या टोकावर तो बसला. मदर समोर. सिस्टर इमेल्डा भाषांतराला उभ्या. मी दाराशी.

मदर इंग्रजीत बोलू लागल्या. त्या वाईट बाई नव्हत्या हे मी आज म्हणू शकते, पण त्या दिवशी त्यांचा एकेक शब्द मला लागत होता, कारण मला आता इंग्रजी समजत होतं. त्या म्हणाल्या की तुमच्या मुलीची दुसऱ्या एका मुलीशी अननॅचरल जवळीक आहे, ही नैतिक बाब आहे, इतर मुलींवर परिणाम होतो, तिला घेऊन जा.

सिस्टर इमेल्डा बाला म्हणाल्या, "मदर सांगतात की तुमच्या मुलीचा फिलोमिना नावाच्या मुलीवर फार जीव आहे. तिचाही हिच्यावर."

बा म्हणाला, "हाव. फिली न? सुट्टीत घरी आली का पोरगी दिवसभर तिचंच नाव घेते. मंग?"

मदरनी सिस्टरकडे बघितलं. पाच-सहा वर्षांत त्यांना एवढं मराठी नक्की कळू लागलं होतं. "सिस्टर, मी हे म्हटलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, मदर," सिस्टर इंग्रजीतच म्हणाल्या. "पण खरं आहे ते हे आहे."

बाने एकदा मदरकडे, एकदा सिस्टरकडे पाहिलं. रुळांवर काम करणारा माणूस, गाडी दिसायच्या आधी त्याला पायाखाली कळते. "सिस्टरबाई," तो म्हणाला, "मोठ्या बाई रागात दिसून राह्यल्या. तुमी मले सांभाळून सांगून राह्यल्या. नोका सांभाळू. पुरं सांगा."

मग सिस्टरनी पुरं सांगितलं. चादरींचं, मॅट्रनचं, आणि मदर जो शब्द वापरत होत्या त्याचा अर्थ. निसर्गाच्या उलट, असं त्या म्हणाल्या. मी जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता बा उठेल, माझं मनगट धरेल आणि स्टेशनापर्यंत काही बोलणार नाही.

बाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"मले हे सारं समजलं असं नाई म्हनत मी. माह्या बापजन्मात आइकलं नाई. पन उलटं म्हनलं न तुमी, थे समजलं. आमी हिरीवर पानी भराले गेलो, लोक म्हने उलटं हाय. आमी धरम बदलला, लोक म्हने उलटं हाय. पोरगीले शाळेत घातलं, त आमचेच लोक म्हने, गँगमन उलटा चालून राह्यला. उलटं म्हननारे गंज पाह्यले, बाई, लय पाह्यले. माह्या पोरगीनं चोरी केली का? कोनाले मारलं का? नाई न? मंग मी तिले घरी नेत नाई. तुमाले काढाची असन त तुमी काढा. मी अठीच फाटकापाशी बसतो."

सिस्टर इमेल्डांनी याचं भाषांतर केलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही. फाटकापाशी बसण्याचंही सांगितलं. आणि ते संपल्यावर तशाच आवाजात पुढे म्हणाल्या, "आणि मदर, या दोन मुली परीक्षेपर्यंत माझ्या जबाबदारीवर राहतील. त्यांना जायला सांगितलंत तर माझीही बदली मागून घेईन. ज्या वर्गातून मुलींना असं काढलं जातं त्या वर्गात उभी राहून मला शिकवता येणार नाही."

मदर उठून खिडकीशी गेल्या. बाहेर खालच्या वर्गातल्या मुलींची लंगडी चालली होती, त्यांचा गलका आत येत होता. परत आल्या तेव्हा त्यांनी बाच्याकडे बघत, मोडक्या मराठीत, स्वतःच उत्तर दिलं. "परीक्षा होईल. दोघी इथेच. झोपायला दूर-दूर."

"झोपू द्या न कोठी बी," बा म्हणाला. "अभ्यास करू द्या."

मदरना हसू आवरलं नाही. मला तर रडू आणि हसू एकदमच आलं.

बाला मी फाटकापर्यंत सोडायला गेले. तो काही विचारेल म्हणून मी घाबरले होते. त्याने एवढंच विचारलं, "थे पोरगी चांगली हाय का?" मी म्हटलं, "हाव बा." "बरं," तो म्हणाला आणि जोडे वाजवत स्टेशनाच्या रस्त्याला लागला.

शाळेतली कुजबुज लगेच थांबली नाही. दुसऱ्याच दिवशी गणिताच्या तासाला आम्ही वर्गात गेलो तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, रत्ना अधिक फिलू. मध्ये खरोखरचं अधिकाचं चिन्ह. मुली खाली माना घालून हसत होत्या. फिलूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुसायला मी उठले तेवढ्यात सिस्टर इमेल्डा आत आल्या. "बस खाली," मला म्हणाल्या. त्यांनी फळ्याकडे नीट पाहिलं, जशा त्या कोणाचंही गणित तपासताना बघायच्या. खडू उचलला, त्या ओळीपुढे बरोबर असल्याची खूण केली आणि वर्गाकडे वळल्या.

"बेरीज बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ज्या मुलीने लिहिली तिचं अक्षर मात्र सुधारायला हवं. आता वर्गसमीकरणं."

मागच्या बाकावरून कोणीतरी फसकन हसलं, आणि ते हसू या वेळी आमच्यावर नव्हतं. सिस्टरनी तो फळा सगळा तास पुसला नाही. वर्गसमीकरणं त्याच्या खाली सोडवली. आणि तास संपताना, डस्टर हातात घेऊन, म्हणाल्या, "माझ्या वर्गात जिला कोणी त्रास देईल तिने माझ्याकडे यायचं. कारण काहीही असो. जात असो, रंग असो, मैत्री असो." त्या दिवसानंतर पर्टिक्युलर हा शब्द मी शाळेत ऐकला नाही. जेवताना माझ्या शेजारी आधी एक मुलगी येऊन बसली, मग दुसरी. चादर बाजूला सारणारी मुलगी परीक्षेच्या तोंडावर प्रमेयं समजून घ्यायला माझ्याकडेच आली.

मॅट्रिकला मी शाळेत पहिली आले. फिलू गणितात पास झाली. दोघींमधलं मोठं यश कोणाचं, यावर आमचा अजून वाद होतो.

त्यानंतर आमच्या वाटा काही वर्षं वेगळ्या होत्या. ती अकोल्याला परतली आणि नर्सिंगचं शिक्षण घेऊन मोठ्या दवाखान्यात लागली. मी अमरावतीला कॉलेज केलं, बी.एड. केलं. गावाहून स्थळं येत होती. माय सुट्टीत विषय काढायची आणि बा खोकत बाहेर जायचा. एकदा माय चिडून त्याला म्हणाली, "तुमी काहून काईच बोलत नाई?" बा म्हणाला, "पोरगी शिकवाच्या शाळेत जाऊन राह्यली, तिले तिचं समजते." पार्लरमधलं सगळं त्याने मायला कधी सांगितलं ते मला माहीत नाही. पण सांगितलं असावं, कारण मी अकोल्याची नोकरी घेतली तेव्हा मायने स्थळांबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच. "फिली तठीच हाय न? मंग सैपाकाची काळजी नाई."

अकोल्यात मला मिशनच्याच हायस्कूलमध्ये गणिताची नोकरी मिळाली. मुलं-मुली एकत्र, मराठी माध्यम. आम्ही दोघींनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शेजाऱ्यांच्या लेखी मास्तरीणबाई आणि नर्सबाई, नोकरीवाल्या दोन मैत्रिणी. कोणाला संशय आला असेल तर तो त्यांनी स्वतःजवळ ठेवला. फिलू सुई छान टोचायची, आणि गल्लीतल्या सगळ्यांना कधी ना कधी सुई लागायचीच. त्याच सुमाराला चर्चमध्ये लॅटिन जाऊन मराठीत मिसा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू झाली. फिलू पहिल्यांदा मराठीत गाऊन घरी आली तेव्हा म्हणाली, "रत्ने, इतकी वर्षं मी काय गाऊन राहिली होती ते आज समजलं."

आमच्या शाळेत नववीत दिगंबर नावाचा मुलगा होता. पातूरचा, अकोल्यात मामाकडे राहायचा. चालणं मऊ, हात बोलताना नाचायचे, आवाज गोड. मुलं त्याला काय काय म्हणायची ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलेलं आहे. ड्रिलमास्तर त्याला रांगेतून बाहेर काढायचे आणि सगळ्या शाळेसमोर मैदानाची फेरी मारायला लावायचे. "मर्दासारखा चाल!" तो जितका प्रयत्न करायचा तितके मुलं जास्त हसायची. एक दिवस तो शाळेत आला नाही. मग आलाच नाही.

मी प्रिन्सिपल फादरकडे गेले. ते केरळचे, सज्जन, कामात बुडालेले. म्हणाले, "मिस, घरी काही अडचण असेल. आणि ड्रिलमध्ये थोडं कडक राहावंच लागतं."

"फादर," मी म्हटलं, "तो कडक ड्रिलला घाबरून गेलेला नाही. तो जसा आहे त्याबद्दल त्याला रोज शिक्षा होते, आणि ती आपण मैदानात, घंटा वाजवून देतो. मी स्वतः अशा शाळेतून जवळजवळ काढली गेले होते. एका सिस्टरने अडवलं म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला का काढत होते ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. नोकरी जाऊ शकली असती. फादरनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "मुलाला परत आणा. मैदानाचं मी बघतो."

रविवारी मी आणि फिलू एसटीने पातूरला गेलो. दिगंबर ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. आम्हाला पाहून आत पळाला. त्याची आई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाई, हा असा काहून हाय? देवानं माह्याच पदरात काहून टाकला?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तर फिलूच म्हणाली, "मावशी, मी दवाखान्यात रोज नवीन लेकरं पाहते. कोणतं लेकरू चुकीचं आलं असं अजून दिसलं नाही. तुमचा पोरगा आजारी नाही. त्याला लोकांनी घाबरवलं, बस."

दाराआडून दिगंबर म्हणाला, "मी नाई येत. ड्रिलमास्तर पुन्हा फेरी मारायले लावतीन."

"लावली तर मी तुझ्या बरोबर मारीन," मी म्हटलं. "साडी नेसून, सगळ्या शाळेसमोर. मग बघू कोणाला हसायचं ते."

तो बाहेर आला. माझ्याकडे बघून खात्री करून घेतली की ही बाई गंमत करत नाही. "खरंच?"

"खरंच."

ती वेळ आली नाही. सोमवारी ड्रिलच्या तासाला फादर स्वतः झगा आवरत मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. दिगंबरची रांग पुढे आली, कोणीतरी शिटी मारली. ड्रिलमास्तरांनी सवयीने त्याच्याकडे बोट केलं. फादर शांतपणे म्हणाले, "मास्तर, चालणं हा आपल्या शाळेत परीक्षेचा विषय नाही. शिटी मारणाऱ्या मुलाला मात्र माझ्याकडे पाठवा." दिगंबर त्याच्या त्या चालीने, हात हलवत, रांगेबरोबर पुढे गेला आणि त्याला कोणी अडवलं नाही. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. मला त्या क्षणी नाचावंसं वाटलं.

मग दर रविवारी तो आमच्या घरी गणित शिकायला येऊ लागला. त्याच्यामागे आणखी मुलं आली. एक मुलगी यायची, तिला साडीचा तिटकारा होता. एक मुलगा, जो कोणाशीच बोलायचा नाही आणि फिलूशी तासन् तास बोलायचा. आम्ही कोणाला काही विचारलं नाही. पिठलं-भाकरी व्हायची, गणितं व्हायची, कधी गाणी. ज्याला सांगायचं असेल त्याने सांगायचं. बरेच जण सांगायचे. आणि शाळेत ज्याला त्रास झाला त्याने गणिताच्या बाईंकडे जायचं, हे न सांगता सगळ्यांना माहीत झालं.

दिगंबर मॅट्रिक झाला. पेढे घेऊन शाळेत आला तेव्हा आधी फादरकडे गेला, मग माझ्याकडे, मग ड्रिलमास्तरांसमोर पुडा धरला. ड्रिलमास्तरांनी दोन उचलले.

गावातले तुम्ही मला विचारता, घरी कधी येतेस? मी येते, आणि ते माझं घर आहेच. पण आता तिथे गेले की चौथ्या दिवशी अकोल्याची आठवण येते. दवाखान्यातून येणारी फिलू, तिच्या साडीला येणारा डेटॉलचा वास, रविवारचा पोरांचा गोंधळ. लांब गेलेल्या मैत्रिणींनो, तुम्हालाही असं होत असेल. पहिली काही वर्षं माणूस सोडलेल्या घराचीच आठवण काढतो. मग कधीतरी, ध्यानीमनी नसताना, जिथे आहोत तिथली आठवण यायला लागते.

मागच्या कापूसवेचणीनंतर माय आमच्याकडे राहायला आली. दुसऱ्याच दिवशी तिने चूल ताब्यात घेतली. शेजारच्या काकू दारात आल्या आणि मायला म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं आता लवकर उरकून टाका हो. त्या नर्सबाईसोबत किती दिवस राहणार?"

मागच्या उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. मायने तव्यावरची भाकर उलटली, हात पुसले आणि म्हणाली, "माह्या पोरीचं झालं हाय, बाई. गंज वर्षं झाले."

मग माय काकूंकडे पाठ करून मागच्या अंगणाकडे वळली. तिथे मी आणि फिलू नळाशी उभ्या होतो. तिने एका दमात हाक मारली, "रत्ने-फिले, या वं दोघी, भाकर थंडी होऊन राह्यली!"

आम्ही गेलो. गरम होती.